रिकाम्या टाकीतली हवा

१

"तुझ्या मामाला मी मारलं," मामी म्हणाली, आणि काही विशेष बोललेच नाही अशा थाटात पुढच्या टाकीकडे वळली.

भाची कंप्रेसरच्या खोलीच्या दारात डायव्हिंगचे ओले सूट खांद्यावर टाकून उभी होती. तिने विचारलं होतं ते साधंच. रोज सकाळी भरलेल्या प्रत्येक टाकीला तोंड लावून, डोळे मिटून, मामी श्वास का घेत बसते? त्या वेळी मामीशी बोललेलं तिला चालायचं नाही, एवढं भाचीला इथे आल्यापासून कळलं होतं. हवेला रबराचा वास येतो का ते बघत असेल, असा तिने आपल्या मनाने अर्थ लावला होता. उत्तर असं येईल हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

"काहीतरीच काय बोलतेस मामी?"

"काहीतरी नाही. बस इथे."

मामा म्हणजे भाचीच्या आईचा धाकटा भाऊ. या परमुलखात येऊन त्याने डायव्हिंगचं दुकान थाटलं होतं. समोर धक्का, मागे टाक्या भरायची खोली, वर राहायची जागा. मागच्या हंगामात एका सकाळी तो एकटाच पाण्यात उतरला तो वर आलाच नाही. बंदराच्या लोकांनी त्याला बुडालेल्या जहाजातून बाहेर काढलं तेव्हा पाठीवरची टाकी पार रिकामी होती. हवा संपून गेला, असं त्यांनी ठरवून टाकलं. जन्मभर लोकांना 'काट्यावर डोळा ठेवा' म्हणून कानीकपाळी ओरडणारा माणूस स्वतःच काटा बघायला विसरला, असं धक्क्यावर अजूनही हळू आवाजात बोललं जायचं.

"हवा संपली म्हणून नाही गेला तो," मामी म्हणाली. "हवाच खराब होती. त्याची टाकी त्या सकाळी मीच भरली. भरताना मला धुराचा वास आला, इंजिनाच्या. मशीन तिथल्या तिथे बंद करायला हवं होतं. मी म्हटलं, येत असेल कुठून तरी. आणि भरत राहिले."

कंप्रेसर बाहेरची हवा ओढतो आणि टाकीत दाबून भरतो. त्याच्या नळीशेजारी कुणी इंजिन चालू ठेवलं तर धूरही आत जातो. जमिनीवर अशा हवेने डोकं दुखेल, मळमळेल. खोल पाण्यात मात्र तीच हवा माणसाला नकळत झोपवते. परीक्षेसाठी हे सगळं भाचीने पाठ केलं होतं.

"मग तू बंदराच्या लोकांना सांगितलं का नाहीस? त्यांनी टाकीतली हवा तपासली असती."

"कुठली हवा तपासणार? रिकामी होती ना टाकी." मामीने हात पुसले. "हे तुझ्या आईला सांगायचं नाही. रविवारी भावजींच्या हातात किल्ल्या दिल्या की मी माझ्या बहिणीकडे जाईन, कायमची. मला या समुद्राकडे बघवत नाही आता."

भावजी म्हणजे सर. मामाचे जिवलग मित्र, दुकानातले मोठे शिक्षक आणि भाचीचे गुरू. दुकान त्यांच्याकडे जाणार हे भाचीला ठाऊक होतं. मामी विश्रांतीला चालली आहे, अशीच तिची आणि आईची समजूत होती. प्रत्यक्षात ती स्वतःला शिक्षा करून घ्यायला चालली होती, आणि जन्मभर करून घेणार होती.

"आणि तुझी काही चूक नव्हती, असं निघालं तर?"

मामीने पुढची टाकी तोंडाला लावली आणि डोळे मिटले.

२

पाहुण्यांना पाण्याखाली नेणारा आणि, जास्त महत्त्वाचं म्हणजे, परत वर आणणारा तो डाइव्हमास्टर. परदेशात जाऊन मुलगी हे शिकते म्हटल्यावर घरच्यांच्या डोळ्यांसमोर रंगीत मासे आले होते. खरं तर उमेदवाराचं अर्धं आयुष्य मागच्या अंगणातल्या हौदाशी जातं. सगळ्यांचं सामान गोड्या पाण्यात बुचकळायचं, घासायचं, फाटलंतुटलं बघायचं. माउथपीस तर फारच जपून बघायचं. तोंडात धरायचा तो रबरी तुकडा. दातांखाली येतील अशा दोन पट्ट्या त्याला असतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. माणूस पाण्याखाली घाबरला की बोलू शकत नाही, सगळी भीती त्या पट्ट्यांवर काढतो.

हौदाशी बसून भाची माणसं ओळखायला शिकली होती. पाण्याखालचे फोटो काढणारा फोटोवाला दिसायला मोठा बेफिकीर, पण दोन्ही पट्ट्यांचा चोथा करून आणायचा. सरांची उजवी पट्टी चावलेली आणि डावी दुकानातून आणल्यासारखी कोरी. "डावीकडच्या दाढा कधीच्याच गेल्या माझ्या," ते एकदा हसत म्हणाले होते, "माझा सगळा संसार उजव्या बाजूला." भाचीचं स्वतःचं माउथपीस चावलेलं नसायचंच. ती जबडा उघडा टाकून श्वास घ्यायची आणि सर त्यासाठी तिचं कौतुक करायचे.

त्या सोमवारी तिला नकाशाचं काम होतं. परीक्षेसाठी पाण्याखालच्या एका जागेचा नकाशा काढावा लागतो आणि तिच्या वाट्याला म्हातारी आली होती. म्हातारी म्हणजे धक्क्याच्या भिंतीपलीकडे कधीकाळी बुडालेलं मालवाहू जहाज. पायऱ्यांवरून पोहतही तिथे जाता यायचं. मामा तिच्याच पोटात सापडला होता.

"नुसतं दारातून डोकव," सरांनी आधीच बजावलं. "आत शिरायचं नाही. आत डावीकडच्या कोपऱ्यात जाळं आहे. अडकशील."

खाली गेल्यावर सर जहाजापासून जरा लांबच तरंगत राहिले. भाचीने चौकोनी दारातून आत बॅटरी मारली. काळोखात गाळाचे कण हलत होते. डावीकडे एक लोखंडी आडभिंत होती आणि तिच्यामागचं काही दिसत नव्हतं. ती वळणार एवढ्यात आतून बुडबुडे आले. आधी एक, मग दोन-तीन, अगदी कुणीतरी सावकाश श्वास सोडावा तसे. आत कुणीही नव्हतं. भाचीच्या अंगावर सूटच्या आत काटा आला आणि पहिल्यांदाच तिने माउथपीस कचकन चावलं.

वर आल्यावर सर म्हणाले, "खालून पोहणाऱ्यांची हवा भोकांतून आत शिरते आणि छताखाली अडकते. मग सावकाश गळत राहते. घाबरायचं काही नाही." हे बोलताना ते तिच्याकडे बघत नव्हते.

"तुम्ही शेवटचे आत कधी गेला होतात सर?"

"मी? तुझ्या मामाने पोटात जायला बंदी केली तेव्हापासून नाही. दोन हंगाम झाले असतील."

त्यांचं बोलणं भाचीने ऐकलं आणि सोडून दिलं. तिच्या डोक्यात मामीचा धूर होता. इंजिन कुणाचं होतं, हे आधी शोधायला हवं होतं.

३

टाक्या भरायच्या त्या भल्या सकाळी धक्क्याला असणारी बोट एकच, तांडेलाची. तांडेल बोलका माणूस. समुद्रावरच आयुष्य गेलेलं, पण पाण्याखाली एकदाही गेला नाही. "वर देवाने एवढं ऊन दिलंय, खाली कशाला मरायला जाऊ?" असं म्हणायचा आणि मग कुणाकडे बघून म्हणालो ते आठवून जीभ चावायचा.

"त्या सकाळी तुमचं इंजिन चालू होतं का काका?" भाचीने मंगळवारी त्याला सरळच विचारलं.

"छे! बांधून ठेवली होती बोट. मी तर दोर वळत बसलो होतो."

हे उत्तर फार पटकन आलं. पाहुणे बोटीत बसले आणि तांडेलाने रोजच्यासारखं वल्हं घेऊन बोट धक्क्याच्या पार टोकापर्यंत ढकलत नेली. तिथे गेल्यावरच त्याने इंजिन सुरू केलं. भाचीने हे रोज बघितलं होतं आणि म्हाताऱ्या माणसाची एक खोड म्हणून सोडून दिलं होतं. त्या दिवशी तिने बाकीच्या बोटी बघितल्या. सगळे जिथे बोट बांधलेली तिथेच इंजिन सुरू करत होते.

संध्याकाळी ती त्याच्याशेजारी जाऊन बसली. "काका, एवढं लांब वल्हवत का नेता? कंबर दुखते म्हणता ना?"

तांडेलाचा चेहरा एकदम पडला.

"वहिनीला सांगू नकोस पोरी. पाया पडतो तुझ्या."

"चालू होतं ना इंजिन?"

"खोलीच्या खिडकीखालीच. थंडीने धरत नव्हतं म्हणून तापवत ठेवलं होतं. माझ्या डोक्यातच आलं नाही. दुपारी त्याला आणलं आणि मग मला खिडकी आठवली." त्याने डोळे पुसले. "आणि एवढ्यावर संपलं असतं तरी बरं. ज्या जाळ्यात त्याचा पाय अडकला होता तेही आमचंच. त्याच आठवड्यातल्या वादळात माझ्या भावाच्या हातून तुटून वाहून गेलं आणि म्हातारीच्या पोटात शिरलं. माझं इंजिन, माझ्या भावाचं जाळं. आता तूच सांग, मी वहिनीच्या डोळ्याला डोळा कसा द्यायचा?"

मामीला सोडवायला म्हणून भाची निघाली होती, आणि मामीला आला तो भास नव्हता एवढंच तिने सिद्ध केलं होतं. धूर खरोखरच आला होता.

४

बुधवारी आईचा फोन आला. मामी जेवते का, झोपते का, सामान बांधलं का. भाची हो हो म्हणत राहिली. आईशी खोटं बोलताना तिचा आवाज नेहमी बारीक होतो आणि आईला ते कळतं, पण त्या दिवशी आई पुढचं पुढचं विचारत गेली.

कंप्रेसरच्या खोलीत मामाचा दुसरा सूट अजून खुंटीला टांगलेला होता. वाऱ्याने त्याच्या बाह्या फुगायच्या आणि पुन्हा पडायच्या. मामी त्याच्याकडे पाठ करून काम करायची, पण तो काढत नव्हती. त्या खोलीत शिरताना भाचीला दर वेळी वाटायचं की आपण त्या दोघांचं बोलणं तोडलं.

फोटोवाल्याशी बोलायचं तिने मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. मामाशी त्याचं कडाक्याचं भांडण झालं होतं, ते मामा जायच्या आदल्याच आठवड्यात.

"झालं होतं," फोटोवाला म्हणाला. तो कॅमेऱ्याच्या काचा पुसत होता. "मला म्हातारीच्या पोटातले फोटो हवे होते आणि तो जाऊ देत नव्हता. मी त्याला भित्रा म्हणालो. पुढचं विचारू नकोस. त्या सकाळी मी घरी झोपलो होतो, एकटा. आता साक्षीदार कुठून आणू?"

"मी काही विचारलं नाही अजून."

"मग मी विचारतो. तुझा मामा एकटा का गेला? एकटं पाण्यात उतरणाऱ्याला तो दुकानाच्या पायरीवर उभं करायचा नाही. आणि हवा कशी संपली त्याची? अगं, तो हवा प्यायचा नाही, चाखायचा. माझी टाकी खडखडीत व्हायची तेव्हा त्याची अर्धी शिल्लक असायची. म्हातारीपर्यंत जाऊन त्याची टाकी रिकामी होते म्हणजे काय? दोन माणसांची हवा लागेल तेवढी."

तो हे सहज बोलून गेला आणि पुन्हा काच पुसू लागला. भाची मात्र जागच्या जागी उभी राहिली.

दुपारी तिने मामीला गाठलं. "मामी, खराब हवेने माणूस बेशुद्ध झाला तर टाकीत हवा उरायला हवी. त्याची उरली नाही. का?"

मामीने यावर आधीच विचार करून ठेवला होता. स्वतःला दोषी ठरवायला बसलेला माणूस सगळ्या पळवाटा आधी बुजवतो.

"त्याच्या तोंडातलं माउथपीस तोंडातच होतं. पण पिवळं सुटलं होतं. ते उलटं पडलं की फसफसत बसतं आणि सगळी टाकी ओततं. तूच शिकलीस ना हे?"

पिवळं म्हणजे जादा माउथपीस. प्रत्येकाच्या टाकीला एक दुसरी, पिवळी नळी असते. दुसऱ्याची हवा संपली तर त्याला द्यायला. स्वतःसाठी ती कुणी वापरत नाही. मामा ती छातीवर रबरी कडीत अडकवून ठेवायचा आणि ती आपोआप सुटणं कठीण होतं.

"त्याचं सामान कुठंय?"

मामीने कपाटावर बोट दाखवलं. बंदराच्या लोकांनी परत केलेली पिशवी तिथे होती. तिची गाठसुद्धा कुणी सोडली नव्हती.

५

पिशवी उघडली तेव्हा आधी मिठाचा वास आला. सगळं सामान वाळून कडक झालं होतं. मामी खिडकीशी उभी राहून बाहेर बघत होती. भाचीने हौदाशी रोज करायची तशीच तपासणी सुरू केली. काटा शून्यावर. पट्टे ठीक. सुरी म्यानात नव्हती. नेहमीचं माउथपीस दोन्ही बाजूंनी हलकं दबलेलं, शांत माणसाचं.

मग तिने पिवळं हातात घेतलं.

त्याची उजवी पट्टी जवळजवळ तुटली होती. दात आरपार रुतले होते. डावीवर मात्र एक ओरखडाही नव्हता.

"मामी," ती म्हणाली, "हे पिवळं कुणी वापरायचं? शिकणारे वापरायचे ना, सरावाला?"

"वापरायचे. म्हणून तर आदल्या दिवशी दोन्ही माउथपीस मी नवी घातली. पाहुण्यांची उष्टी झालेली त्याला आवडायची नाहीत. का?"

"त्या दिवशी त्याने दोन तोंडांनी श्वास घेतला का?"

मामी वळली. भाचीने पिवळं तिच्यासमोर धरलं. खुंटीवरच्या सूटच्या बाह्या फुगल्या आणि खाली पडल्या.

"कुणीतरी होतं त्याच्याबरोबर," मामी पुटपुटली.

"कुणीतरी होतं. आणि ते वर आलं."

कोण, ते भाचीला त्याच क्षणी कळलं होतं. रोज हौदाशी हातात येणारा चावा तो. तेव्हाच सोमवारचं वाक्य तिला आठवलं. दोन हंगाम पोटात न गेलेल्या माणसाला आडभिंतीमागचं जाळं ठाऊक होतं, आणि ते जाळं तर वादळातच आत शिरलेलं. पण तिने नाव घेतलं नाही. जाळ्याचं त्यांना बंदराच्या लोकांनी सांगितलं असेल. चावा दुसऱ्या कुणाचा असेल. ज्या माणसाने आपल्याला श्वास घ्यायला शिकवलं त्याच्यावर असा आळ घ्यायचा तर खात्री हवी. आणि खात्री करायची तर त्याच्याबरोबर पाण्यात उतरणं भाग होतं.

६

शुक्रवारी भाचीने स्वतःच्या पिवळ्या नळीला नवं कोरं माउथपीस बसवलं.

"सर, हवा वाटून घ्यायचा सराव राहिलाय माझा," ती म्हणाली. "परीक्षेआधी एकदा करूया ना. तुमची हवा संपली असं समजायचं आणि मी देते."

"पुढच्या आठवड्यात बघू."

"पुढच्या आठवड्यात मामी नसेल. तिला सांगायचंय की झालं म्हणून."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. नाही म्हणायला त्यांच्याकडे कारण नव्हतं. शिक्षकच तो, सरावाला कसा नाही म्हणणार?

म्हातारीपाशी पोहोचल्यावर भाची जहाजाच्या दारासमोर थांबली. सर लांब थांबू बघत होते. तिने त्यांना जवळ बोलावलं. त्यांनी गळ्यापाशी आडवा हात फिरवला, हवा संपल्याची खूण. भाचीने पिवळं पुढे केलं आणि त्यांनी आपलं सोडून ते तोंडात घेतलं.

शेकडो वेळा हा सराव घेतलेला माणूस तो. दोन सावकाश श्वास आणि झालं, एवढंच काम. पण त्याच वेळी त्यांच्या मागे दारातून बुडबुडे आले आणि त्यांनी मान वळवली. पुन्हा भाचीकडे बघितलं तेव्हा मुखवट्याच्या काचेमागचे त्यांचे डोळे तिला ओळखत नव्हते. त्यांनी तिचा दंड धरला. पाण्यातसुद्धा त्या पकडीने तिचं हाड दुखलं. ते भसाभस श्वास घेत होते, आणि भाचीला पहिल्यांदाच वाटलं की आपणही इथून वर जाणार नाही. तिने आपल्या मोकळ्या हाताचा तळवा त्यांच्या छातीवर ठेवला आणि सावकाश, सावकाश असं दाबत राहिली. त्यांनीच तिला शिकवलं होतं तसं.

वर आल्यावर सर पायऱ्यांवर बसून राहिले. "आजच्याला एवढं पुरे," म्हणाले.

भाची थेट हौदाशी गेली. तिने पिवळं पालथं केलं. डावी पट्टी कोरी होती. उजवीत दात आरपार गेले होते.

७

शनिवारी दुपारी पाहुणे गेल्यावर तिने सगळ्यांना मागच्या अंगणात बोलावलं. किल्ल्यांचा जुडगा मामीच्या कमरेला होता. तांडेल हौदाच्या कडेला टेकला, फोटोवाला दाराला रेलून उभा राहिला आणि सर खुर्चीवर बसले. भाचीने दोन पिवळी माउथपीस शेजारी शेजारी ठेवली.

"हे मामाचं. मामीने आदल्या दिवशी नवं घातलेलं, म्हणजे त्याच सकाळी चावलेलं. मामाने नाही, त्याचं त्याच्या तोंडात होतं. तांडेलकाकांनी नाही."

"माझी कवळी आहे बाई," तांडेल म्हणाला. "रबर चावलं तर कवळीच त्यात राहील."

"यांनीही नाही," तिने फोटोवाल्याकडे मान केली. "हे दोन्हीकडून चावतात. ज्याने हे चावलं त्याला डावीकडे दाढाच नाहीत. आणि हे दुसरं कालचं, माझं."

सरांनी दोन्ही माउथपीस उचलली नाहीत. नुसती बघितली. भाचीला वाटलं होतं ते चिडतील, तिला वेड्यात काढतील. त्यासाठी जाळ्याचा मुद्दाही तिने तयार ठेवला होता. त्याची गरज पडली नाही.

"मला पाहुण्यांना पोटात न्यायचं होतं," सर म्हणाले. "तो नाही म्हणायचा. म्हटलं, आधी दोरी बांधून वाट करून ठेवू आणि मग दाखवू त्याला. जाळं आत आल्याचं मला माहीत नव्हतं. अडकलो. सोडवता सोडवता माझी हवा संपत आली. त्याला पायऱ्यांवर माझ्या चपला दिसल्या असतील. आला. पिवळं माझ्या तोंडात दिलं आणि कापत बसला. किती वेळ कापत होता. मी नुसता त्याची हवा ओढत होतो, वहिनी. जनावरासारखी ओढत होतो."

"आणि मग?" फोटोवाल्याने विचारलं.

"मी सुटलो. त्याच्या टाकीचा काटा शून्याला टेकला होता. तो म्हणाला वर जा. मी गेलो. वर आलो, भिंतीपलीकडच्या खडकावर बसलो. तो येईल म्हणून बसलो. मग... मग हाक मारायची वेळ निघून गेली असं वाटलं. माझी रिकामी टाकी रिकाम्या टाक्यांत ठेवली आणि घरी गेलो."

तांडेल उठून उभा राहिला. "अरे, मी तिथेच होतो! एक हाक मारली असतीस तर मी बोट आणली असती!"

मामीने हात वर करून त्याला थांबवलं. ती सरांच्या समोर जाऊन उभी राहिली. तिचा आवाज टाकी मागताना असतो तेवढाच होता.

"भावजी, त्या दिवशी तुमचं डोकं दुखलं?"

सरांना कळेना.

"त्याच्या टाकीतली हवा घेतलीत ना तुम्ही? डोकं दुखलं? मळमळलं? झापड आली?"

"नाही."

"घरी चालत गेलात."

"हो वहिनी."

"दुपारी त्याला वर आणलं तेव्हा एका बाजूने तुम्हीच उचललं होतंत."

"हो."

मामी काय विचारत होती ते भाचीला कळलं. धूर आला होता, पण टाकीत पोहोचला नव्हता, निदान माणूस मारण्याइतका तरी नाही. ती हवा चांगली होती आणि त्याची साक्ष समोर खुर्चीवर जिवंत बसली होती. हंगामभर तो माणूस रोज सकाळी त्या खोलीसमोरून गेला होता. आत एक बाई टाकीमागून टाकी तोंडाला लावताना त्याने बघितली होती. एका वाक्याने ती सुटली असती आणि ते वाक्य त्याने गिळलं होतं.

"मी कशासाठी हवा तपासते ते तुम्हाला ठाऊक होतं?" मामीने विचारलं.

सरांनी मान हलवली. हो.

तांडेल मटकन खाली बसला आणि दोन्ही हातांत तोंड झाकून हमसाहमशी रडू लागला.

"शेवटी तो तुम्हाला काय म्हणाला?" मामी म्हणाली. "नीट सांगा. कसा म्हणाला?"

पाण्याखाली बोलणं असतं ते हातांचं. सरांनी दोन्ही हातांच्या तर्जन्या पुढे काढल्या, एक पुढे आणि दुसरी तिच्या मागे, आणि दोन्ही वरच्या दिशेला सरकवल्या.

"तू पुढे हो. मी मागून येतो," भाचीने हळूच सांगितलं. मामीला ते सांगायची गरज नव्हती.

"तुम्ही वळून पाहिलंत?"

"नाही वहिनी."

मामीने मान हलवली. एखाद्याने रस्ता सांगितला आणि तो समजला, तशी. मग तांडेलाला म्हणाली, "यांना बंदराच्या कचेरीत घेऊन जा. इथे सांगितलं ते सगळं तिथे सांगतील. सांगाल ना भावजी?"

सर उठले. फोटोवाला त्यांच्या बरोबर निघाला. तांडेल डोळे पुसत मागोमाग गेला. अंगणात दोघीच उरल्या.

भाचीला वाटलं होतं मामी हसेल, निदान एक सुस्कारा सोडेल. तिने जवळ जाऊन तिचा हात धरला. "मामी, तुझी हवा चांगली होती. तू काही केलं नाहीस. तू सुटलीस गं."

"हो," मामी म्हणाली. ती हौदातल्या पाण्याकडे बघत होती. "मी खुनी होते ना इतके दिवस, तेव्हा मला रडायचा हक्क नव्हता. आपणच मारायचं आणि आपणच रडायचं, शोभतं का? म्हणून रडले नाही. आता मी नुसती त्याची बायको आहे."

आणि ती हौदाच्या कडेला बसली. मामा कालच गेला असावा तसा तिने हंबरडा फोडला.